पांढरी साडी आणि खाम हत्तीण

३ नोव्हेंबर, धायरी
सु.चा फोन. बिनपगारी रजा आणखी तीन महिने वाढवणार म्हणे. हिंजवडीतली नोकरी बाजूला ठेवून आमची सुजाता थायलंडात म्हाताऱ्या हत्तींची लीद उचलते. हौसेने. हे म्हणाले, "हत्ती कात्रजला नव्हते? बसने जाता आलं असतं." मग बराच वेळ पेपर नुसता चाळत बसले. कंपनी १ डिसेंबरपर्यंतच थांबणार, मग नोकरी जाणार. श्रीलंकेच्या सहलीला काढलेला पासपोर्ट पडलाच आहे. जाऊन घेऊनच येते तिला.

९ नोव्हें.
बुधवार पेठेतून टॉर्च आणला. "चांगला आहे ना?" तर दुकानदार, "वाईट ठेवत नाही." बरं बाबा. बॅगेत चटणी, बी.पी.च्या गोळ्या, मध्ये पौर्णिमा येते म्हणून बुद्धवंदनेची पांढरी साडी. विमानाची भीती वाटते. पोरीची त्याहून जास्त.

१३ नोव्हें., कॅम्प
पोचले. सु. काळवंडलीय, हाताला घट्टे. हत्ती मोकळे! मध्ये साधं कुंपण नाही. तिची लाडकी हत्तीण खाम, जन्मभर ओंडके ओढून थकलेली, डाव्या डोळ्याने आंधळी. नियम एकच, तिच्या डाव्या बाजूने जायचं नाही, समोरून आवाज देत यायचं. सु. तिच्याशी चक्क मराठीत बोलते. "खामताई, पाय घ्या जरा." मी लांबूनच नमस्कार केला.

१५ नोव्हें.
सु. खामच्या पायांशी वाकून कलिंगडाच्या साली गोळा करते. पाय हा एवढा. माझा जीव खाली-वर. शेवटी म्हटलं, चल घरी, पुरे झालं. तर म्हणाली, "आई, तिकडे रोज कंपनीच्या बसमध्ये मला रडू यायचं. तुला सांगितलं नाही." मला वाटायचं, कॉम्प्युटरने डोळे लाल होतात.

पौर्णिमा
कसं लिहू.
सकाळी अंघोळ करून पांढरी साडी नेसले. कॅम्पमागच्या विहारातून वंदना ऐकू आली. तेच पाली शब्द, आपलेच! चाल तेवढी वेगळी. परमुलखात घरचं माणूस भेटल्यासारखं झालं. हात जोडून, मनात म्हणत तिकडे निघाले. वाटेत खाम उभी. दिसली मला. पण वंदना मध्येच तोडून हाक कशी मारायची? गुपचूप डावीकडून निघाले. वाऱ्याने पदर उडाला. खाम किंचाळली. सु. धावत आली, मला ढकललं, आणि सोंडेचा फटका तिला...

१७ नोव्हें.
सु.च्या बरगडीला चीर आहे. बाकी ठीक. विश्रांती सांगितलीय. कॅम्प चालवणाऱ्या पिमबाई चौकशीला आल्या. सु.ने सांगून टाकलं, "मीच चुकून डावीकडून गेले, खाम दचकली." माझं नावच घेतलं नाही. नियम मोडणाऱ्याला इथे ठेवत नाहीत. आता दोघींचं परतीचं तिकीट एकाच दिवशी. यांना फोन केला. "जमवलंस म्हणायचं." हो, जमलं. मला क्षणभर आनंद झाला. पोरगी तिकडे श्वास घेताना कण्हतेय आणि मला आनंद होतो! माझीच मला भीती वाटली.

१९ नोव्हें.
सु. भिंतीकडे तोंड करून पडून. विचारलं, खोटं का बोललीस? "तुला सगळ्यांसमोर ओशाळं वाटलं असतं." बस्स. चिडली असती तर बरं होतं.
घरी नेली तर पुन्हा ती बस, पुन्हा लाल डोळे. इथे ठेवली तर एखाद्या दिवशी फोन येईल आणि तो कोणीतरी परका माणूस करेल. दोन्हीकडून जीव टांगणीला. यांना विचारावं तर म्हणतील, तू तिथे आहेस, तूच बघ.

२१ नोव्हें.
पिमबाईंकडे एकटीच गेले. माझं इंग्रजी ऑफिसच्या फायलींपुरतं. "नॉट डॉटर. आय वेंट. माय साडी, माय मिस्टेक." न सांगता खुर्चीत बसले. त्या म्हणाल्या, सुजाताला राहायचं असेल तर राहू दे.
खोलीत येऊन सु.ला सांगितलं. "आई, का केलंस हे?" मला तरी कुठे माहीत. ती रडली, कूस बदलता येत नव्हती म्हणून तशीच उताणी. मी डोळे पुसले, तिचे आणि माझे. राहणार की येणार, काही बोलली नाही. विचारलं आणि नको ते उत्तर आलं तर?

२३ नोव्हें.
विमानतळाची गाडी आलीय. ड्रायव्हर सामान चढवतोय तोवर दोन ओळी. सु. बरगडीवर हात धरून माझ्याशेजारी उभी आहे. पायात कॅम्पचे गमबूट नाहीत, पण खांद्याला सॅकही नाही. ड्रायव्हरला आपली भाषा येत नाही. त्याने एक बोट दाखवलं, मग दोन, म्हणजे एकटी की दोघी? मी सु.कडे बघितलं. सु. माझ्याकडे बघतेय.