विहिरीजवळ नीरफणस

मंगळवार, श्रावण, १९५६

खाताना फळ कुणाला परकं लागलं नाही. झाड लावायचं म्हटलं की मात्र परकं.

पहिला नीरफणस चिंचवडच्या बाजारातून मीच आणला आणि मीच नासवला. आंब्यासारखा पेंढ्यात पिकत घातला, तर सगळा लिबलिबीत. सासूबाईंना बोलायला आयतं मिळालं. मग आमच्या भाडेकरू, राजापूरच्या वहिनी म्हणाल्या, "अहो, हा पिकवायचा नसतो. कच्चाच चिरून काप तळायचे."

आज दुसरा आणला. तिखट-मीठ, तांदळाचं पीठ लावून तळला. वरून कुरकुरीत, आत मऊ, बटाटा काय करील त्याच्यापुढं. मला जेमतेम दोन काप मिळाले. शेवटचा ह्यांनी उचलला.

वहिनींचे यजमान शुक्रवारी गणपतीला गावी निघालेत, रोप आणतो म्हणाले. विहिरीजवळचा कोपरा रिकामाच आहे, म्हणून ह्यांना विचारलं. मधेच सासूबाई, "असलं झाड आपल्यात कुनी लावलं न्हाई."

मी त्यांना म्हटलं, "आत्याबाई, काप खाताना आठवलं न्हाई व्हय?"

हे म्हणाले, "बघू." तोंडात तो शेवटचा काप, आणि म्हणे बघू. गोठ्याचं छप्पर अजून बघूवरच गळतंय.

इतकी वर्षं ह्या घरात झाडांना पाणी मी घालते, पण माझ्या हातानं लावलेलं एक झाड नाही. तुळससुद्धा सासूबाईंची. एक कोपरा मागितला तर काय बिघडलं?

उद्या सकाळी ह्यांना सांगणार. गुरुवारी दिवेलागणीच्या आत हो का नाही ते बोला. बघू म्हणालात तर मी हो धरीन, आणि खड्डा खणायला घेईन.