मामांनी आखलेली रेघ

मामा,

आज सकाळी अर्धं डोकं भादरून, कानामागे मार्करनं स्वतःच लांब रेघ आखून तुम्ही माझ्या ओपीडीत आलात. कान गेले तरी हुकूम सोडायचा आवाज शाबूत! "इथून काप, मी शिकवलं तसं." मी स्पिरिटनं रेघ पुसली आणि माझं जखमांच्या नोंदींचं रजिस्टर पुढे ठेवलं.

तुमच्या पद्धतीत लांब चीर देऊन, कातडी आतून पातळ करून मग ऐकण्याचं मशीन अडकवायचा स्क्रू कानामागच्या हाडात बसवायचा. माझ्या पद्धतीत तोच स्क्रू, पण पाच मिलिमीटरच्या गोल भोकातून, बस्स. ऐकू दोन्हींत सारखंच येतं. पण तुमची जखम रेंगाळते आणि तिथं केस पुन्हा उगवत नाहीत.

रजिस्टरातल्या चार चिघळलेल्या जखमांच्या नोंदींवर बोट ठेवून तुम्ही विचारलंत, "हे कुणाचं काम?" मी पाटीवर लिहिलं, "माझं." "हात जड आहे तुझा," म्हणालात, आणि तरीही भोकाच्या पद्धतीच्या संमतीपत्रावर सही केलीत.

मामा, ते चारही पेशंट तुमचे होते. तुम्ही निवृत्त झाल्यावर ते माझ्याकडे आले. वर्षभर मी त्यांचं ड्रेसिंग केलं आणि तुम्हाला कळू दिलं नाही.

हे पत्र मी देणार नाही. उद्या ड्रिल थांबत थांबत, गार सलाइन सोडत, हाड तापू न देता भोक मीच पाडणार. जखम भरली की मशीन लावणार आणि हे सगळं तोंडानं सांगणार. तेव्हा "ऐकू आलं नाही" ही सबब चालायची नाही.

जिच्या जड हातात डोकं दिलंत,
ती तुमची भाची