अर्जावरचं तुझं नाव

प्रिय धाकटे,

म्हातारपणाच्या काळजीचा जो अर्ज आम्हा दोघांना दवाखान्यात भरायचा होता, त्यात ‘आजारपणात निर्णय कोण घेणार’ या रकान्यात ह्यांनी तुझं नाव लिहिलंय. काल डॉक्टरीणबाईंनी कागदच दाखवला. ह्यांनी घरी ब्रही काढला नव्हता. आणि अक्षर किती वळणदार! एकेचाळीस वर्षांत माझं नाव इतकं जपून कधी लिहिलं नाही.

मला राग आला, आणि खरं सांगते, तुझा आला. तीस वर्षं वॉर्डात नर्स होतीस, कबूल. पण ह्यांना कुठल्या कुशीवर झोप लागते हे तुला ठाऊक आहे का? मागच्या रविवारी ‘भावोजी, आधी पुढे झुका’ म्हणालीस, तर खुर्चीतून शहाण्या मुलासारखे उठले. मी हात लावला की, ‘सोड, तू ओढतेस.’

घरी येऊन विचारलं, ‘मी काय मेले होते?’ ह्यांनी घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केलं तरी घड्याळं सुटली नाहीत. एक उघडून बसले होते. मान वर न करता म्हणाले, ‘तू डॉक्टरांशी भांडशील, मग रडशील, आणि शेवटी काय करू म्हणून मलाच विचारशील. तेव्हा मी बेशुद्ध असेन.’ मला हसू आलं, त्यामुळे मी जास्तच चिडले.

तणतणत माझा अर्ज काढला. ह्यांचंच नाव घालून ह्यांना लाजवायचं ठरवलं होतं. पण माझ्या ऑपरेशनच्या दिवशीचे हे आठवले: दवाखान्याच्या जिन्यात माझ्या चपला मांडीवर घेऊन बसलेले, सही कुठे करायची तेही न सुचलेले. तूच धावत आलीस आणि सगळं निस्तरलंस. अर्धा तास मी पेन धरून बसले. मग मीही तुझंच नाव लिहिलं.

हे फोनवर सांगवलं नसतं. माझ्या आवाजातला हेवा तू लगेच ओळखला असतास. सोमवारी अकरा वाजता दोन्ही अर्जांवर तुझी संमतीची सही लागणार आहे. निर्णय तू घे. पण ह्यांची आंघोळ, दाढी आणि नखं माझी. डॉक्टरीणबाई तशी ओळ खाली घालणार आहेत, आणि त्या ओळीखाली मी तुझ्या आधी सही करणार आहे.

तुझीच, जळकी
ताई