कोबीवर न बसणारा थेंब

प्रिय रादोशदादा,

आईच्या सहा महिन्यांच्या प्रार्थनेला तू आणि तियाना येताय आणि मग इथंच राहणार आहात, हे कळल्यापासून बाबा रोज दाढी करतात. जानेवारीत आईला पुरल्यानंतर त्यांनी आरसा पाहिलाच नव्हता. कोबीची रोपं लावून झालीत. शेजारचे स्रेतेनकाका कुंपणावरून विचारतात, "काय रे, सून येणार म्हणून तोंड धुतलंस वाटतं?" आणि बाबा चक्क हसतात. त्यांचं ते हसू पाहून मी हे पत्र पुढं ढकलत राहिले.

तुला आठवतं ना, आपण लहान असताना बाबा जेवणाच्या टेबलावर कोबीचं पान ठेवायचे आणि चमच्यानं त्यावर पाणी सोडायचे. थेंब मण्यासारखा गडगडत खाली. "कोबी म्हणजे पाद्र्याची बायको गं, अंगाला काही लागू देत नाही," असं म्हणायचे. मग पाण्यात साबण कालवला की तसलाच थेंब पसरून पानाला धरून बसायचा. शाळेच्या आधी मी हे शिकले. बारीक थेंब पानावर टिकतो, पण वाऱ्याबरोबर भरकटतो. जाड थेंब भरकटत नाही, पण मेणचट पानावर आपटून फुटतो आणि उडतो. काकांच्या मधमाश्यांच्या पेट्या अगदी बांधाला लागून, म्हणून बाबांनी फवारणीच्या पंपाला कायम जाड थेंबांची तोटी लावली. आपल्या औषधानं त्यांची एक माशी मेली नाही, हे काका आजही साऱ्या गावाला सांगतात.

आणि ट्रॅक्टरमागून आई. नाकाला रुमाल, जाड मोजे, त्या हिरव्या रबरी चपला. ओल्या ओळीत वाकून ती पान बघायची आणि हाक द्यायची, "बसला," नाहीतर "उडाला". उडाला म्हटलं की बाबा टाकीत आणखी साबण घालायचे. तरी काही उडायचेच. आपल्याकडे घरोघरी बाईच मागून चालते, त्यात कुणाला वेगळं काही वाटत नाही. थेंब काकांकडे जाऊ नये याची बाबांना फार काळजी होती. उडालेला थेंब आईच्या पायांवर जातो, हे मात्र आपल्या घरात कुणी बोललं नाही. मीही नाही.

पुरण्याआधी आईला अंघोळ घालायला मी आणि मावशी होतो. मोजे काढले तर घोट्यापासून गुडघ्यापर्यंत कातडी तपकिरी, भेगाळलेली, झाडाच्या सालीसारखी. भर उन्हाळ्यातही ती मोजे का काढत नसे, ते तेव्हा कळलं. मावशीनं लगबगीनं नवे मोजे चढवले. म्हणाली, "पुरुषांना सांगू नकोस हं." दादा, मला खोटं काही लिहायचं नाही. डॉक्टर म्हणाले रक्ताचा आजार, कशानं झाला ते सांगता येत नाही. मलाही येत नाही. पण ते पाय मी पाहिलेत.

ईस्टरनंतर मी बाबांजवळ हे एकदाच बोलले. ते बराच वेळ हातातला पाव चुरत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मीच मारलं म्हण की तिला." मी नाही म्हटलं. दोन दिवस ते जेवले नाहीत. त्यानंतर माझी हिंमत झाली नाही.

काल त्यांनी आईच्या त्या चपला ब्रशनं घासून धुतल्या आणि दारात मांडून ठेवल्या. "तियानाचा पाय एवढाच असेल ना गं? यंदाची पहिली फवारणी तिच्या पायगुणानं होऊ दे," म्हणाले. तिला दिवस गेलेत हे त्यांना माहीत आहे. पाळणा रंगवून पडवीत वाळत ठेवलाय, त्याच दारापाशी. म्हणून लिहिते आहे. तियानाला ओळीत उतरू देऊ नकोस. रडारड झाली, बाबा पुन्हा जेवायचे थांबले, तरी नको. ती जागा रिकामी दिसू नये म्हणून मागून मी चालेन. फक्त येताना गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आण. मी विकत आणले तर बाबांना तो आरोप वाटेल. तू आणलेस तर ती भेट होईल. माझं माप आईचंच आहे.

तुझीच, तू येईपर्यंत गप्प राहणारी,
सेंका