कॉब सॅलड, रेवस धक्का

करंजा,
१४ ऑक्टोबर २०२४

ति. मैना आत्यास,
कल्पिताचा शि. सा. न.

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. तुझा फोन स्पीकरवरच चालतो आणि मी इथून काही विचारलं की रेवस धक्क्यावरचे प्रवासीच मला उत्तर देतात. मागच्या वेळी माझ्या केसगळतीवर तीन अनोळखी माणसांनी तेलं सुचवली. तेव्हा आता आपलं खासगी ते कागदावर.

तू म्हणालीस ना, की दुपारच्या लाँचची माणसं तुझ्या खानावळीत डोकावतात, पण उन्हात भाताचं नाव काढलं की सरबत पिऊन पसार होतात? त्यावर माझ्याकडे इलाज आहे. न्हावा शेव्याला आमच्या ऑफिसात मी हल्ली रोज डब्यात कॉब सॅलड नेते. काकडीची कोशिंबीर नव्हे, अख्खं जेवण आहे ते! खाली हिरवा पाला चिरून पसरायचा. वर कोंबडीचे उकडलेले तुकडे, उकडलेली अंडी, टोमॅटो, खारट चीज, अव्होकॅडो नावाचं लोण्यासारखं फळ आणि कुरकुरीत तळलेलं डुकराचं मांस. ते शेवटचं तू सोड, नाहीतर गावजेवणाला तुला कुणी बोलावणार नाही. प्रत्येक जिन्नस आपापल्या ओळीत लावायचा. मग तेल, लिंबू, मोहरी, मिरी घुसळून वरून ओतायचं. पोट भरतं आणि दुपारी कीबोर्डवर डोकं आपटत नाही.

बाबांना एकदा वाढलं. ताटाकडे बघून म्हणाले, "ह्ये बकरीला घाल नि मना भाकरी दे." तू मात्र करून बघ आणि खरं काय ते कळव.

तुझी माया आणि तुझे धपाटे दोन्ही हवी असलेली,
कल्पिता

*

रेवस,
२५ ऑक्टोबर २०२४

चि. कल्पितास,
मैना आत्याचे पोटभर आशीर्वाद.

तुझं कॉब केलं गो बाय! पहिल्या दिवशी फजिती झाली. सॅलडचा पाला इथं कुठं मिळायचा, म्हणून कोवळा मुळ्याचा पाला घातला. एका प्रवाशानं घास घेतला नि लाँच सुटेपर्यंत पाणीच पीत बसला. दुसऱ्या दिवशी डोकं लावलं. कोबी बारीक चिरला, त्यात अंबाडीची चार पानं टाकली. डुकराच्या जागी सुक्या कोळंबीचे सोडे भाजून कुरकुरीत केले. खारट चीज म्हणजे काय ते मला ठाऊक नाही, मी पनीर मिठाच्या पाण्यात मुरवलं. शिवाय मोड आलेले वाल उकडून घातले आणि आपला पांढरा कांदा. वरून लिंबाच्या ऐवजी कोकमाचं आगळ. ताट असं दिसलं की मीच दोन मिनिटं बघत राहिले.

पण मला एक सांग, एवढं ओळीनं लावायचं आणि खाणाऱ्यानं पहिल्याच घासाला कालवून टाकायचं, तर लावायचं कशाला? माझी सगळी गिऱ्हाईकं कालवतात. फक्त एक गृहस्थ कालवत नाहीत. सासवण्याचे दत्तात्रेय म्हणून आहेत, नारळी-पोफळीची वाडी आहे त्यांची. जन्मभर सरकारी नोकरीत जमिनी मोजल्या, आता निवृत्त. मुंबईला मुलीकडे लाँचनं नारळ पाठवायला धक्क्यावर आले होते. ते आधी अंड्याची ओळ संपवतात, मग वालाची, मग टोमॅटोची. एका ओळीचा दाणा दुसऱ्या ओळीत गेला तर काट्यानं परत आणून ठेवतात. मी म्हटलं, हे जेवताहेत की मोजणी करताहेत! तर म्हणाले, "बाई, हद्दीवरून फार भांडणं पाहिलीत."

ते मासळी खात नाहीत, अंडं चालतं. म्हणून त्यांच्या ताटात सोड्यांच्या जागी ओल्या खोबऱ्याचे काप तव्यावर खरपूस करून घातले. तेही झकास लागतात.

दादाला म्हणावं, बकरीला दुखवू नको, तिला अक्कल असते.

तुझ्यावर सदा डोळा ठेवून असलेली,
मैना आत्या

*

करंजा,
९ नोव्हेंबर २०२४

ति. आत्यास,
कल्पिताचा वाकून आणि हसून नमस्कार.

तुझे भाजलेले सोडे मी डब्यात नेले. आमच्या डिपार्टमेंटचे सगळे वास काढत आले आणि मला तळाचा कोबी तेवढा उरला. आता रोज नवीन कॉब चाललंय. सोमवारी चणे आणि रताळं, मंगळवारी उरलेली तंदुरी, बुधवारी भाजलेली भोपळी मिरची आणि मसूर. एकच सांगते, प्रत्येक ताटात एक मऊ, एक कुरकुरीत, एक आंबट आणि एक पोटाला आधार देणारं एवढं असलं की कॉब जमलं. बाकी फ्रिजमध्ये असेल ते.

आता मुद्द्याची गोष्ट. तुझ्या पत्रात कोबीवर एक ओळ आहे आणि सासवण्याच्या मोजणीदारांवर अख्खा परिच्छेद. खोबऱ्याचे काप तव्यावर खरपूस? आत्या, मी तुझ्याकडे कांजिण्या होऊन पडले होते तेव्हा मला तू खोबरं नुसतं फोडून दिलं होतंस!

नारळ तर एकदाच पाठवायचे होते ना? मग गृहस्थ पुन्हा आले का? कितीदा? मला सविस्तर कळव, नाहीतर मी फोन करीन आणि सगळ्या धक्क्यासमोर विचारीन.

उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
कल्पिता

*

रेवस,
२८ नोव्हेंबर २०२४

चि. कल्पितास,
मैना आत्याचे आशीर्वाद, थोडे रागावून.

फोन केलास तर बघ. रोज येतात, झालं समाधान? स्कूटरवर येतात, जेवतात, जातात. आता लाँचवर काही चढवतही नाहीत. एक दिवस पिशवीतून हिरवी, खडबडीत सालीची फळं काढून माझ्यापुढं ठेवली. त्यांच्या वाडीत वडिलांनी कुठूनशी आणून लावलेलं झाड आहे, फळाला चव नाही म्हणून आजवर कुणी खात नव्हतं. ते तुझं लोणीफळ निघालं! माझ्या ताटात तुझ्या पत्रातली राहिलेली ओळही भरली आणि मला येडीला इतका आनंद झाला की मी त्यांना टाळी दिली. मग दोघंही इकडंतिकडं बघायला लागलो.

तुझे आतोबा गेल्याला बरीच वर्षं झाली. या वर्षांत मी कधी कुणासाठी ताट लावताना गुणगुणले नव्हते. आता गुणगुणते, आणि समोरची केसर मासळीवाली मला विचारते, पोटात कळ येते का म्हणून.

पण आता ते संपलं. परवा जेवण झाल्यावर ते उठेचनात. पाण्याचा तांब्या दोनदा रिकामा केला. मग अचानक विचारलं, की दोन शेजारच्या जमिनी आहेत, दोन्हींचे मालक एकटे-एकटे आहेत, तर मधला बांध काढून टाकला तर तुमची काही हरकत? मी म्हटलं, मला जमिनीतलं काय कळतं, तलाठ्याला विचारा. त्यांचा चेहरा एकदम उतरला. म्हणाले, तलाठ्याचा यात संबंध नाही, मुलगी गौरी कधीची मुंबईला कायमचं बोलावते आहे, तर आता जातोच. आणि काल सकाळच्या लाँचनं गेले. माझ्याकडं वळून बघितलंसुद्धा नाही.

मला एवढंच कळत नाही, बांधाचं मी काय चुकीचं सांगितलं? आज दुपारी गिऱ्हाईकं नेहमीसारखी होती, तरी खानावळ भकास वाटत होती. खोबऱ्याचे काप करपले.

तू तब्येत सांभाळ. माझं काही मनावर घेऊ नकोस.

तुझी,
मैना आत्या

*

करंजा,
३ डिसेंबर २०२४

ति. आत्यास,
नमस्कार नंतर!

अगं आत्या, बांध जमिनीचा नव्हता! एक जमीन ते, दुसरी जमीन तू! बिचाऱ्यानं लग्नाचं विचारलं आणि तू त्याला तलाठ्याकडं पाठवलंस!

मी पत्र वाचता वाचता इतक्या जोरात किंचाळले की बाबा हातातला चहा सांडून धावत आले. मी कागद लपवला, पण त्यांनी विचारून विचारून सगळं काढून घेतलं. रागावू नकोस. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. ते खुर्चीवर बसले. मग त्यांनी विचारलं, सासवणं ते रेवस स्कूटरवर किती लांब? मी सांगितलं. तर म्हणाले, "मंग क्याला पायजे इचारायला? कोन मानूस येवऱ्या लांबशी रोज पाला खावाला येतो गो?"

आणि आत्या, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, मैनीनं इतकी वर्षं सगळ्यांना वाढलं, तिच्यासमोर बसून जेवणारा कुणी तरी असू दे. समाजात कुणी बोललं तर त्याला माझ्याकडं पाठव, असंही म्हणाले. तुला माहीत आहे बाबांकडं पाठवणं म्हणजे काय.

हे पत्र पोस्टात टाकत नाही, करंज्याच्या लाँचवरच्या नामाच्या हाती देते. तो तुझ्या हातात ठेवील. आता विचार करत बसू नकोस. मुंबईला भाऊच्या धक्क्याला दिवसभर लाँच जातात!

जीव मुठीत धरून,
कल्पिता

*

रेवस,
५ डिसेंबर २०२४

चि. कल्पितास,
मैना आत्याचे उदंड, ओसंडून आशीर्वाद. दादालाही माझा नमस्कार, त्याच्या पाया पडायला मी येतेच आहे.

नामानं पत्र दिलं तेव्हा मी अंडी सोलत होते. वाचलं आणि सोललेलं अंडं हातातून घरंगळत थेट धक्क्यावर गेलं. आधी स्वतःवर इतकी हसले, की केसर पाणी घेऊन आली. मग रडले. मग उठून डबा भरला. सगळ्या ओळी नीट लावल्या, लोणीफळ शेवटचं एकच उरलं होतं, ते कापलं. खानावळ केसरवर टाकली आणि लाँचवर जाऊन बसले. पदर अजून कमरेला खोचलेलाच होता, हे मला समुद्राच्या मध्यावर कळलं.

नारळाच्या पोत्यांवर गौरीचा पत्ता असायचा, माझगावचा. तो मला पाठ. वाटेत काय बोलायचं ते घोकत होते. नमस्कार, मी रेवसची मैना, आपल्या वडिलांशी थोडं काम होतं. दार गौरीनं उघडलं. तिला बघून सगळं विसरले आणि तोंडातून निघालं, "तुमचे बाबा जेवायचे राहिलेत."

ती माझ्याकडं, डब्याकडं, पुन्हा माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, तुम्हीच का त्या? म्हणाली, बाबा आल्यापासून प्रत्येक ताटात भाजी एकीकडं, भात एकीकडं करतात, दोन घास खातात आणि खिडकीत जाऊन बंदराकडं तोंड करून बसतात. तिनं विचारलं तर म्हणतात, मोजणी चुकली.

तेवढ्यात ते आतून आले. अर्धा भांग पाडलेला, हातात कंगवा. मला बघून कंगवा पाठीमागं लपवला, जसं काही मी चोरीचा माल पकडला. आता गो कल्पिता, मी जन्मात कधी इतकी धीट झाले नव्हते. मुलीसमोर उभं राहून सांगितलं, की तलाठ्याला विचारायची गरज नाही, मी विचार केला आहे. बांध काढू या. सासवण्याला राहायला येईन, पण खानावळ सोडणार नाही, रोज सकाळी स्कूटरवर मला धक्क्यावर सोडावं लागेल. आणि माझ्या हातात सोड्यांचा वास राहणार, तो चालत नसेल तर आत्ताच सांगा.

त्यांनी कंगवा खिशात घातला, पुन्हा काढला, पुन्हा घातला. गौरी ओठ दाबून हसू आवरत होती. मला वाटलं, झालं, आता ही म्हातारी पुन्हा लाँचमध्ये बसून परत जाणार आणि सगळ्या रायगडात हसं होणार.

मग ते गौरीकडं वळले आणि अगदी कामाचं विचारावं तसं विचारलं, "बाळ, माझी बॅग कुठं ठेवलीस?"

तुम्हा सगळ्यांची, आणि आता आणखी एकाची,
मैना