विमलसाठी दिलेले पैसे आणि न दिलेला पगार

मी, मंजुळाबाई बेवा उकंडराव म्हस्के, वय अंदाजे चोपन्न, धंदा खानावळ, राहणार चिखली, जिल्हा बुलढाणा, हे मृत्युपत्र करून ठेवते. पोटातल्या गाठीने अंग खंगलं आहे, पण डोकं जाग्यावर आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी भरीस पाडलेलं नाही. मला सही येते, एवढा मजकूर लिहिणं येत नाही. म्हणून मी सांगते आहे आणि इंद्रभान मास्तर गवई लिहीत आहेत. परवा शुक्रवारी मला ऑपरेशनसाठी अकोल्याला नेणार. बुलढाण्याच्या कोर्टात माझ्यावर दावा चालू आहे, त्याचा निकाल या महिन्याच्या एकवीस तारखेला आहे. तोवर मी असेन की नाही, ठाऊक नाही. म्हणून आजच.

१. माझ्या मालकीचं चिखली येथील घर, कापूस बाजाराच्या रस्त्यावरचं, पुढे खानावळ, मागे दोन खोल्या, परसात संडास व नळ, हे माझ्यामागे संपूर्णपणे विमल हिचं. माझे यजमान बाजारात धान्य मोजणारे मापारी होते. हे घर त्यांनी स्वतःच्या मजुरीतून १९४४ साली घेतलं. खरेदीखत पेटीत आहे. यात वडिलार्जित एक वीटही नाही.

विमल म्हणजे कोण, हे नीट लिहिणं जरूर आहे. ती माझी दत्तक मुलगी. वय अकरा. दत्तकपत्र जून १९५९ मध्ये रजिस्टर झालेलं आहे. पण कोर्टाने उद्या हे दत्तक खोटं ठरवलं, तरीसुद्धा जानराव इंगळे व सरस्वतीबाई यांच्या पोटी जन्मलेली, माझ्या घरी वाढलेली, चिखलीच्या शाळेत पाचवीत शिकणारी जी विमल, तिलाच हे घर मिळावं. दत्तक म्हणून नको असेल तर विमल म्हणून मिळावं. वकिलांनी मला समजावलं आहे की, ती दत्तक नाही असं ठरलं आणि मी कागद न करता मेले, तर घर माझे दीर हिंमतराव यांच्याकडे जातं. सगळा दावा त्यासाठीच आहे.

२. हिंमतराव जानेफळला राहतात. यजमान वारले त्याच्या तेराव्याला ते आपला मुलगा घेऊन आले. पोरगा एकोणीस वर्षांचा, चांगलं मिसरूड फुटलेला. म्हणाले, "वयनी, दत्तक घ्याचा तर घरातला घ्या. बिनखर्चाचा हाये."

मी म्हटलं, "भाऊजी, त्याले आई हाये. बाप हाये. मले काऊन आई म्हनीन थो?"

ते घराच्या भिंतींकडे पाहत राहिले. माझी स्वतःची तीन बाळं गेली, त्यातल्या एकालाही पाहायला हा माणूस चिखलीला आला नव्हता. तरी ते माझ्या धन्याचे भाऊ आहेत. यजमानांची पितळी पायली त्यांना द्यावी. सरकारने किलोची मापं आणल्यापासून ती बाजारात चालत नाही, पण वस्तू भावाची आहे. पायलीखेरीज माझ्या घरातलं काहीही त्यांना नाही.

३. आता दत्तकाचा खर्च. मास्तर म्हणतात, हे कलम लिहू नये, निकालाआधी असं लेखीही देणं धोक्याचं आहे. मी म्हटलं, लिहा.

सरस्वतीबाई माझ्याकडे भाकरी थापायला होती. महिना बारा रुपये व दोन वेळचं जेवण. तिचा नवरा जानराव जिनिंगमध्ये हंगामी कामाला. तिसरी मुलगी, विमल, चार वर्षांची, चुलीजवळ पोत्यावर बसून असायची. कापसाचा हंगाम संपला की त्या घरी उपास. एकदा मुलीला गोवर निघाला, तेव्हा नऊ दिवस ती माझ्याच खोलीत होती. दहाव्या दिवशी सरस्वती न्यायला आली आणि दारातच उभी राहिली. म्हणाली, "बाई, हिले तुम्हीच ठेवा. माह्याजवळ हे जगनार नाही."

मी रात्रभर विचार केला नाही. तिथेच हो म्हटलं.

मुलगीसुद्धा दत्तक घेता येते, असा कायदा झाल्याचं मला कचेरीबाहेर अर्ज लिहिणाऱ्या अर्जनवीसाने सांगितलं. हेही सांगितलं की मुलाबद्दल पैसे द्यायचे नाहीत, घ्यायचे नाहीत. देणारा-घेणारा दोघंही गुन्हेगार. स्टॅम्प, रजिस्टर, लिहिणावळ, भटजी, अकरा माणसांचं जेवण, सरस्वतीला लुगडं-चोळी, या सगळ्याला मिळून एकशे अठरा रुपये लागले. तो खर्च उजळ माथ्याने केला.

रजिस्टरच्या आदल्या दिवशी जानराव मागच्या दाराने आला. "पोरगी का फुकट देऊ? तीनशे पाह्यजेत. नाही तं मी उद्या येतच नाही." दत्तक द्यायचा हक्क बापाचा, त्याच्या सहीशिवाय कागद होत नव्हता. मी पाटल्या मोडल्या आणि तीनशे रुपये त्याच्या हातावर ठेवले. दुसऱ्या दिवशी "कोणताही मोबदला न घेता, न देता" या ओळीखाली मी सही केली. ती ओळ खोटी होती. हे मी शुद्धीवर कबूल करते.

पुढे तो दर दसऱ्याला येऊ लागला. कधी चाळीस, कधी साठ, एकदा गरम कोट, एकदा सायकल. दारात उभा राहून एकच वाक्य म्हणायचा, "पोरीले घेऊन जातो." मी द्यायची. सहा वर्षांत असे पाचशे दहा झाले. ते कोणाकडून वसूल करू नयेत.

४. एक गोष्ट मी कोर्टात सांगितली नाही, कारण कोणी विचारली नाही. कागद झाल्यावर आठ दिवसांनी मी सरस्वतीला कामावरून काढलं. जानराव तोंड उघडून मागत होता. ही काहीच मागत नव्हती, म्हणून मला तिचीच जास्त भीती वाटे. मुलगी "आई" म्हणून हिच्याकडेच धावली तर? मी तिला सांगितलं, "या गल्लीतून जात जाऊ नको." ती खरंच सहा वर्षं गल्लीतून गेली नाही. शेतावर रोजाने निंदायला जात राहिली.

गेल्या वर्षी चैत्रात विमल शाळेतून आली नाही. गुरुजी म्हणाले, तिचा बाप येऊन घेऊन गेला. मी जानरावच्या झोपडीवर गेले. तिथे तो नव्हता, मुलगी नव्हती, सरस्वती एकटी होती. मी काही विचारायच्या आत तिने ओळखलं. "जानेफळले नेली असन. काल हिंमतराव आल्ते, दोघं कुजबुजत होते," म्हणाली, आणि तशीच, अनवाणी, माझ्याबरोबर एस.टी.त बसली. मेहकरला गाडी बदलून आम्ही दोघी जानेफळला पोचलो. मुलगी जिवंत असेल ना, एवढंच वाटभर माझ्या डोक्यात होतं.

ती हिंमतरावांच्या ओसरीवर बसली होती. समोर शेवेची ताटली, तिला हात लावलेला नाही. शेजारी जानराव. हिंमतरावांनी स्टॅम्पचा कागद पुढे केला. "वयनी, घराची सही करा न् पोरीले घेऊन जा. नाही तं जानराव कोर्टात सांगते, तुम्ही पोरगी इकत घेतली म्हनून."

खरं सांगते, मी टाक हातात घेतला होता.

सरस्वती ओसरीवर चढली. नवऱ्याच्या समोरून तिने मुलीचं मनगट धरलं. जानराव उठला, तर त्याला म्हणाली, "हात लावशीन तं इथंच बोंब मारीन. हे पोर आता माह्यं नाही. पन तुह्यं तं कधीच नव्हतं." शेजारपाजारचे जमू लागले. आम्ही तिघी स्टँडवर चालत आलो. मागे वळून पाहायचं मला धाडस झालं नाही.

त्या दिवसापासून सरस्वती जानरावकडे परतली नाही. तिच्या थोरल्या दोघी आपापल्या सासरी आहेत. ती खानावळीच्या मागच्या खोलीत राहते. महिन्याभरात हिंमतरावांनी दत्तक खोटं ठरवण्याचा दावा लावला.

सबब, तिला मी कामाबाहेर ठेवलं त्या पाच वर्षं दहा महिन्यांचा पगार, बारा रुपयांप्रमाणे आठशे चाळीस, माझ्या पोस्टातल्या पुस्तकातून प्रथम देण्यात यावा. दत्तकाचा हा खर्च मी भरला नव्हता. ही बक्षिसी समजू नये.

५. पोस्टात एकूण सतराशे साठ आहेत. वरील रक्कम वजा जाता उरेल ते विमलच्या शिक्षणाला, मॅट्रिकपर्यंत. लग्नासाठी त्यातला पैसा काढू नये. माझ्या दिवसांना पंगत घालू नये. पंगती मी एकवीस वर्षं घातल्या.

६. विमल सज्ञान होईपर्यंत तिची पालक म्हणून मी सरस्वतीबाईस नेमते. तिने खानावळ चालवावी. परात, तवे, पितळी पातेली, दोन्ही शेगड्या तिच्या. घर विकण्याचा वा गहाण टाकण्याचा हक्क तिला नाही. जानरावला या घरात येऊ देऊ नये. व्यवस्था पाहण्यास इंद्रभान मास्तरांना नेमते. मास्तरांनी माझ्या खानावळीत पहिलं ताट घेतलं तेव्हा चार गिऱ्हाइकं विटाळ मानून उठून गेली होती. त्यातली दोन परत आली. मी त्यांना वाढलं नाही. मास्तर म्हणतात हे कलमात बसत नाही. बसवावं.

७. दोन तारखेला कोर्टात माझी साक्ष झाली. माझ्या वकिलांनी बजावलं होतं, "पैसे दिले नाही म्हणा. कागद नाही, पाहणारा नाही." मीही तेच म्हणणार होते. पण आदल्या संध्याकाळी विमल दप्तर न उतरवता माझ्यापुढे उभी राहिली.

"माई, मले कितीले घेतलं?"

"कोन म्हने?"

"शाळेत सगळेच म्हनतात."

मी म्हटलं, "तुले घेतलं नाही. तुह्या बापानं गप बसावं म्हनून पैसे देल्ले."

"मंग थो गप काऊन नाही बसला?"

मग मी तिला सगळं सांगितलं, पाटल्यांपासून सायकलीपर्यंत, आणि तिच्या आईला काढलं तेही. ती ऐकून घेऊन सरस्वतीच्या खोलीत गेली. जेवायलाही बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी समोरच्या वकिलांनी विचारलं, "या मुलीबद्दल तुम्ही जानरावला पैसे दिले की नाही?" मी म्हटलं, "दिले." जजसाहेबांनी लिहिणं थांबवून मान वर केली. माझ्या वकिलांनी डोळे मिटून घेतले. मी प्रत्येक रक्कम सांगितली. बाहेर आल्यावर वकील म्हणाले, "बाई, तुम्ही आपल्या तोंडानं केस घालवली." कदाचित घालवली. शिक्षाही होईल. पण मुलीला एक आणि कोर्टाला दुसरं, असं मला सांगता आलं नाही.

८. शेवटचं. कोर्टाने दत्तक रद्द केलं, तर विमलने शाळेत कोणाचं नाव लावावं, हे हिंमतरावांनी ठरवू नये, जानरावने ठरवू नये, सरस्वतीने वा मास्तरांनीही ठरवू नये. तिला विचारावं. एकोणसाठ साली आम्ही अकरा माणसं जेवलो, पाच जणांनी सह्या केल्या. तिला कोणी विचारलं नव्हतं.

हे लिहून होता होताच ती शाळेतून आली. साक्षीदार बसलेलेच होते, म्हणून मी त्यांच्यादेखत विचारलं, "विमल, नाव कोनाचं लावशीन?" साक्षीच्या आदल्या संध्याकाळपासून ती माझ्याशी बोललेली नव्हती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यात बांधून ठेवलेल्या माझ्या वळकटीकडे पाहिलं.

"आधी अकोल्याहून वापस या," ती म्हणाली. "मंग सांगीन."

मास्तरांना मी हे जसंच्या तसं लिहायला लावलं आहे. संपूर्ण मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. यापूर्वी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही.

मुक्काम चिखली, बुधवार, दिनांक ९ फेब्रुवारी १९६६.

सही: मंजुळाबाई उकंडराव म्हस्के

आमच्या समक्ष सही केली, व आम्ही त्यांच्या समक्ष:
१. अर्जुनराव दौलतराव शेळके, किराणा दुकानदार, चिखली
२. कौशल्याबाई रामभाऊ देशपांडे, शिक्षिका, चिखली

लिहिणार: इंद्रभान तुकाराम गवई, निवृत्त शिक्षक