चढावरचा वास

गुलेले, आदीस अबाबा
४ हिदार

ती. अस्कालेताईस,
मकुरियाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि संत्र्यांची पिशवी पोचली. त्यातली चार संत्री बसच्या ड्रायव्हरने वाटेत खाल्ली. त्याने ते आपणहून सांगितलं आणि गोड आहेत म्हणून शिफारसही केली. दाजींचा खोकला थांबला असेल अशी आशा आहे.

आईचा उजवा गुडघा पुन्हा सुजला आहे. तेल चोळू देत नाही. म्हणते, माझा गुडघा माझ्याजवळ राहू दे, तू तुझी भूगोलाची पोरं सांभाळ. तिर महिन्यात बाबांची वर्षाची तेझकार, म्हणजे वर्षश्राद्धाचं जेवण. घरची दारू तल्ला किती घागरी गाळायची, धर्मगुरू किती बोलवायचे, गरिबांच्या पंगतीला कोण वाढणार, हे सगळं तिने आत्ताच ठरवून टाकलं आहे. माझ्या वाट्याला फक्त हो म्हणणं आलं आहे.

एकाच गोष्टीला मी नाही म्हटलं, त्यावरून घरात चार दिवस अबोला आहे. तेझकारच्या आधी बाबांची फोक्सवॅगन विकून टाक, असं ती म्हणते. माझ्या मनात नेमकं उलट आहे. त्या दिवशी तिला त्याच गाडीत बसवून वर एंतोतो डोंगरावरच्या मरियमच्या चर्चला न्यावं, बाबांच्या कबरीपाशी गाडीतून उतरवावं. गेली नऊ वर्षं ती त्या गाडीत बसलेली नाही. तिचं म्हणणं तुला माहीत आहेच. गाडीत पेट्रोलचा वास येतो, डोकं दुखतं. तुझ्या बापाला दहादा सांगितलं, त्याने काढला नाही. त्याला माझ्यापेक्षा तो पत्रा प्यारा होता, आता त्या पत्र्यात बसून त्याच्या कबरीवर कशी जाऊ? असं म्हणाली आणि मसूर निवडायला बसली.

मला तर जुन्या गाडीला यायचा तेवढाच वास येतो. पण मी ठरवलं आहे, वास शोधून काढायचा. काढला की बसशील का, असं विचारलं तर ती म्हणाली, आधी काढ. हे तिचं हो की नाही ते समजायला मला तुझ्याइतकी अक्कल हवी होती.

चि. रूतला पापे. लोभ आहेच, पत्राच्या उत्तरात तो दिसू दे.

तुझा
मकुरिया

---

दिरे दावा
१७ हिदार

चि. मकुरियास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दाजींचा खोकला गेला, आता घोरणं उरलं आहे. इथे उपास सुरू झाल्यापासून शिरोचं पिठलं खाऊन खाऊन रूत म्हणते, आजीकडे जाऊ या, तिच्या शिरोला चव असते. माझ्या हातचं कौतुक हे असं.

तू त्या गाडीच्या मागे लागला आहेस, पण आईला खेचू नकोस. तुला त्या दिवसांतलं निम्मंच ठाऊक आहे, तू तेव्हा दूर जिम्मा शहरात शिकवत होतास. मी माहेरपणाला आले होते. गेताचेवमामाने नुकतीच नवी जपानी गाडी घेतली होती आणि त्याने आईला तिच्यातून फिरवून आणलं होतं. पुढच्या एकवीस तारखेला, मरियमच्या महिन्याच्या दिवशी, दर्शनाला निघताना आई बाबांच्या गाडीत बसली आणि अर्ध्या चढावर उतरली. वास असह्य होतो म्हणाली. बाबा म्हणाले, गाडीला वास नाही, भावाची गाडी पाहून तुझं नाक मोठं झालंय. आईने शाल डोक्यावरून घेतली आणि चालायला लागली.

पुढचं तू पाहिलं आहेस. दर एकवीस तारखेला आई पुढे पायी, आणि तिच्या मागे पहिल्या गिअरमध्ये घरघरत बाबांची गाडी, थेट चर्चच्या फाटकापर्यंत. सरपणाच्या मोळ्या घेऊन उतरणाऱ्या बायका हसायच्या. म्हणायच्या, म्हाताऱ्यांची वरात आली. आईला वाटे, हा माणूस मला चारचौघांत लाजवायला मागून येतो. ती एकदाही वळून पाहायची नाही. बाबांना काय वाटे ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि आपणही विचारलं नाही. आपण दोघं हसायचो, आठवतं?

एक सुचवते. मिस्तऱ्याला विचारण्याआधी आईला विचार. वास कधी येतो, कुठे येतो, सुरुवातीपासून येतो की मध्येच. नऊ वर्षांत तिला खोटं पाडायला सगळे होते, हे विचारायला कोणी नव्हतं.

गुडघ्याला तेल ती झोपल्यावर चोळ. तिला कळेल, पण ती झोपल्याचं सोंग करेल. माया आहेच, ती वाढव.

तुझी ताई
अस्काले

---

गुलेले
९ ताहसास

ती. अस्कालेताईस,
सा. न. वि. वि.

तेलाचा उपाय लागू पडला. सोंग अगदी तू म्हणालीस तसंच.

आता वासाची हकिगत. तुझं पत्र यायच्या आधीच मी गाडी लेगेसे मिस्तऱ्याकडे टाकली होती. त्याने इंजिनकडची नळी बदलली, कार्बोरेटर खोलला, टाकीच्या झाकणाचं रबर नवं घातलं. प्रत्येक वेळी बोनेटमध्ये डोकं घालून तो जाहीर करायचा की आता बाळाला झोपवावं अशी गाडी झाली. मी घरी आणून आईला खिडकीतून हुंगायला सांगितलं. ती म्हणाली, उभ्या गाडीला कधी वास येतच नव्हता, तुम्ही दोघं काय शोधताय?

तेव्हा तुझं पत्र काढलं आणि तिला नीट विचारलं. ताई, ती असं सांगत गेली की जणू कालच उतरली होती. गल्लीत वास नाही. बाजारापर्यंत नाही. निलगिरीची झाडं लागली की, खड्या चढावर, पायांकडून वर येतो. उतरताना नाही. मामाची गाडी, बाबांचा राग यातलं काही बोलली नाही, फक्त एवढंच.

मी लेगेसेला घेऊन चढावर गेलो. काही नाही. तो मला म्हणाला, गुरुजी, आईसाहेबांसाठी सून बघा, गाडी सोडा. परत येताना माझं लक्ष टाकीकडे गेलं. टाकी जवळपास कोरडी होती. गॅरेजात गाडी टाकायची तर पेट्रोल काढून टाकायचं ही आपल्या घराची जुनी खोड. रेशनच्या दिवसांत कोण कुठे नळी लावून ओढून घेईल याचा भरवसा नसे, म्हणून बाबा गाडी दुरुस्तीला नेताना टाकी रिकामी करत. मीही न विचारता तेच केलं होतं. आणि एकवीस तारखेला मात्र आईला वर न्यायचं म्हणून आदल्या दिवशी ते टाकी काठोकाठ भरत.

दुसऱ्या दिवशी मी टाकी भरली आणि पुन्हा चढ चढलो. झाडं लागली आणि वास आला. असा आला की लेगेसेने स्वतःहून खिडकी खाली केली. टाकी पुढे असते, तिच्या मागच्या बाजूला वर हवेची एक बारीक नळी आहे, ती तडकलेली. सपाटीवर पेट्रोल तिथवर पोचत नाही. टाकी भरलेली असली आणि गाडीचं नाक वर झालं की ते मागे येतं आणि नळीतून आतल्या पुठ्ठ्यावर झिरपतं, नेमकं बाजूच्या माणसाच्या गुडघ्यांवर. वीतभर रबर बदललं, काम संपलं.

खुश व्हायला हवं होतं. पण लेगेसे बोलून गेला. बाबा त्याच्याकडे दर वर्षी गाडी आणत. म्हणत, नीट हुंग, आमच्या घरात वास येतो म्हणतात. हा हुंगून नाही म्हणायचा आणि बाबा उदास होऊन परत जायचे. त्याला एक नवल वाटे, बाबा स्वतः कधी वाकून हुंगत नसत. मलाही कळत नाही. भरली टाकी घेऊन ते दर महिन्याला तोच चढ चढत होते. तो वास त्यांना आला नाही? की आला आणि हट्टाने सोसला? आई म्हणते तेच खरं असेल तर मी तिला त्या गाडीत कोणत्या तोंडाने बसवू?

नळी सापडल्याचं तिला सांगितलेलं नाही. काय करू ते लिही. इथल्या सगळ्यांचा तुम्हां सगळ्यांवर जीव आहे, हे वेगळं लिहायला नको.

तुझा
मकुरिया

---

दिरे दावा
२४ ताहसास

चि. मकुरियास,
उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मी दोन दिवस उशीखाली ठेवलं होतं. काल शेजारणी कॉफीला आल्या होत्या. मी बी भाजत होते, रूत काहीतरी विचारायला आली, आणि बी करपली. तरी रीत म्हणून तवा सगळ्यांपुढे फिरवला, धूर घ्या म्हटलं. एकेकीने तोंड फिरवलं, एक तर खोकत अंगणात पळाली. आणि मला बाबा आठवले.

माझ्या लग्नाच्या वर्षी त्यांना मोठा ताप आला होता, आठवतं? त्यानंतरच्या ईस्टरला आईच्या हातून बी अशीच कोळसा झाली होती. आम्ही सगळे नाक दाबून बसलो होतो. तवा बाबांपुढे आला. त्यांनी हाताने धूर तोंडावर ओढून घेतला, डोळे मिटले आणि वा, आज काय सुरेख भाजलीस म्हणाले. आपण किती हसलो! मामा म्हणाला, नवरा असावा तर असा. आई लाजून तांबडी झाली. मकुरिया, ते कौतुक नव्हतं. त्यांना वास येतच नव्हता.

मग एकेक सुचत गेलं. दूध उतू जाऊन जळलं तरी ते शेजारी रेडिओ ऐकत बसलेले असत. इंजेराची भाकरी पूर्वीसारखी आंबत नाही ही त्यांची तक्रार असे. आधी दुसरं कोणी धूर घेईपर्यंत थांबत, मग वा म्हणत. तापाने नाक गेलं हे त्यांना स्वतःला कळलं असेल का, मला ठाऊक नाही. कळलं असेल तर सांगायची लाज वाटली असेल. आपल्या घरात तवा फिरतो तेव्हा घरधन्याने वा म्हणायचं असतं, मला काही कळत नाही असं कसं म्हणणार?

म्हणजे आईला वास येत होता आणि बाबांना येत नव्हता, आणि दोघंही खरं बोलत होती. एका तव्यापाशी बसून हे आपल्याला तेव्हा दिसायला हवं होतं.

आईला सांग. मी आले असते पण रेल्वेच्या शाळेत परीक्षा आहेत, रजा मिळत नाही. हेच पत्र तिला वाचून दाखव, मात्र कॉफीच्या वेळी नको, तिचा हात भाजेल. तुम्हा दोघांची आठवण रोजची आहे, अशीच तुमच्याकडेही राहो.

तुझी
अस्काले

---

गुलेले
२३ तिर

ती. अस्कालेताईस,
सा. न. वि. वि.

तेझकार यथासांग झाली. तल्ला पुरला, डाळ उरली, मामा जेवणानंतर झोपून गेला. तुझी चौकशी सगळ्यांनी केली.

आदल्या दिवशी दुपारी मी आईला नळीची हकिगत सांगितली आणि तुझं पत्र वाचून दाखवलं. ती भाकरीचा गोळा मळत होती, मळतच राहिली. मी संपवल्यावर म्हणाली, म्हणजे इतकी वर्षं माझ्या कॉफीला वा म्हणाला तो सगळा खोटेपणा. मग म्हणाली, खोटारडा मेला. आणि पिठाच्या हातांनीच डोळे पुसले, सगळं तोंड पांढरं झालं.  झोपताना विचारलं, टाकी भरलीस का?

सकाळी ती पांढरी शाल घेऊन आपणहून गाडीत बसली. झाडं लागली तशी सवयीने तिने शालीचं टोक नाकाला लावलं. खड्या चढावर ते काढलं. हुंगलं. पुन्हा हुंगलं. मी वाट पाहत होतो, ती म्हणेल आता बरं आहे. ती म्हणाली, तो घरात यायच्या आधी त्याच्या कोटाचा पेट्रोलचा वास फाटकातून यायचा, आता तोही गेला.

जिथे त्या दिवशी उतरली होती, तिथेच तिने गाडी थांबवायला सांगितली. मी गुडघ्याची आठवण करून दिली, तर म्हणाली, गुडघा माझा आहे. उतरली आणि मला बजावलं, तू मागून ये, तो यायचा तसा. मी पहिला गिअर टाकला. सरपणवाल्या बायका कडेला थांबून पाहत होत्या, कोणी हसलं नाही. ती सावकाश, एक हात गुडघ्यावर ठेवून चालत होती.

ताई, ती वळली. थोडं चालून थांबली आणि मागे गाडीकडे पाहिलं. पुन्हा चालली, पुन्हा पाहिलं. असं दोनतीनदा. मला वाटलं थकली, हात देऊ. तर तिने तिथूनच मला रागे भरलं. इतका लांब काय राहतोस, तो जवळ असायचा, मला पाठीला इंजिनाची ऊब लागायची. एवढं बोलून वळली आणि पुन्हा चालू लागली.

मी गाडी जवळ घेतली. फोक्सवॅगनचं इंजिन मागे असतं, पुढच्या माणसाच्या पाठीला त्याची ऊब लागायची नाही, हे तिला सांगायचं माझ्या जिभेवर आलं होतं. सांगितलं नाही.

गाडी विकायचं तिने पुन्हा काढलेलं नाही. पुढच्या एकवीस तारखेला जमलं तर ये, मागच्या सीटवर जागा आहे. दाजींना नमस्कार, रूतला पापे, आणि आमच्यावरची माया आहे तेवढीच, कमी न करता ठेव.

तुझा
मकुरिया